दोन हात, चार निशाणं, दोन शेले

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे. निदान आज, हे सांगताना तरी, मी बाहुली आहे असं माझं ठाम मत आहे. मधली बेचाळीस वर्षं माझ्याविषयी दुसरंच मत होतं, आणि ते रोज सकाळी इतक्या भक्तीनं मांडलं जायचं की माझा माझ्यावरचाच विश्वास उडाला. त्यातून माझ्या डोक्याला आठवतं एक आणि धडाला भलतंच. तेव्हा सांगताना कुठे गडबड झाली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म चीनमधल्या शान्शी प्रांतातल्या एका खेड्यातला. पिवळ्या मातीचा मुलूख, बांधावर केशरी फळांची झाडं, आणि दक्षिणेला ह्वाशान नावाचा उभाच्या उभा, पांढरट दगडाचा डोंगर. माझ्या कारागिरानं एक कातडं बरेच दिवस पाण्यात भिजवलं आणि खरवडून खरवडून इतकं पातळ केलं, की त्यातून पलीकडची बोटं दिसावीत. मग त्यानं सुरी धरली. पण सुरी तो हलवत नसे. सुरी जागच्या जागी आणि कातडं तिच्यापुढे फिरत राहायचं, असा त्यांचा रिवाज. भुवया, फुलं, चिलखताचे खवले, सगळं असं फिरून फिरून कोरलं गेलं. त्यावर लाल, हिरवा आणि काळा रंग चढला आणि शेवटी तेलाचा हात फिरला. हात, कोपर, कंबर, पाय वेगवेगळे कापून दोऱ्यानं जोडले. डोकं मात्र कोणालाच जोडत नसत. ते खेळाच्या वेळी मानेच्या खाचेत बसवायचं आणि खेळ संपला की काढून ठेवायचं.

हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण ते आमच्या भल्यासाठीच होतं. डोकी एका कापडी वहीच्या पानांत राहत आणि धडं दुसऱ्या वहीत. डोकं अंगावर राहिलं तर बाहुलीला झोप लागत नाही, ती पेटीत उठून चालायला लागते, असं आमचे वस्ताद म्हणायचे. त्यामुळे मी नक्की कोण, हा घोळ तेव्हापासूनचा आहे. कधी मला चहाचा पेला घेऊन लगबगीनं जाताना आठवतं, कधी घोड्यावर बसून तलवार फिरवताना. एकाच बाईच्या आयुष्यात हे बसत नाही. मी पुष्कळ जुळवून पाहिलं.

खेळ देवळासमोर व्हायचा. पांढरा पडदा, मागे तेलाचा दिवा, आणि दोघांच्या मध्ये आम्ही. पाच माणसं मिळून सगळं करायची, आणि त्यांतला एकजण सगळ्यांसाठी गायचा, राजासाठी, राणीसाठी आणि चोरासाठीही. उजेड माझ्या पाठीतून शिरायचा आणि पडद्यावर लाल-हिरवा होऊन उमटायचा. समोरची पहिली जागा देवाची असे. पाऊस पडला, मूल झालं, घरातलं म्हातारं माणूस आजारातून उठलं, की लोक देवाला खेळ दाखवायचे आणि आपण मागे बसून पाहायचे. म्हणजे त्या काळी मी देवाची करमणूक करत होते. पुढे काय झालं ते ऐकलंत की यात माझी काय पंचाईत झाली ते तुम्हाला कळेल.

आमच्या पेटीत डोंगर होते, ढग होते, नदीची एक लाट होती, सगळं कातड्याचं. एकदा बैलगाडी खड्ड्यात आपटून पेटीचं झाकण उघडलं आणि मला खरा ह्वाशान दिसला. कड्यांवर वाकडी झाडं, कमरेला धुकं, आणि खाली दूरवर वेइ नदीचा पट्टा. आमच्या डोंगराची इतकी हुबेहूब नक्कल कुणी केली असेल आणि एवढं कातडं त्याला कुठे मिळालं असेल, हे मला बरेच दिवस उमगलं नाही.

मग एक काळ असा आला, की जुनं ते सगळं टाकाऊ ठरलं. खेळ बंद पडले. वस्तादांनी पेटी धान्याच्या कोठीत लपवली, आणि आम्ही गव्हाखाली किती वर्षं होतो कोण जाणे. पुन्हा उजेड दिसला तेव्हा वस्ताद नव्हते. त्यांच्या घरच्यांनी पेटी एका व्यापाऱ्याला देऊन टाकली. परदेशी गिऱ्हाइकाला डोकं आणि धड सुटं कसं द्यायचं, म्हणून त्यानं हाताला लागलं ते डोकं हाताला लागलेल्या धडावर ठेवलं आणि दोऱ्यानं पक्कं शिवून टाकलं. मग मला काळ्या कापडावर टाचून काचेच्या चौकटीत बसवलं. जहाजात माझ्या शेजारी चिनी मातीच्या बशा होत्या. आपण बशा आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि मला त्यांचा फार हेवा वाटला.

एकोणीसशे ब्याऐंशी साली मी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरात, जुन्या वस्तूंच्या एका दुकानात टांगलेली होते. तिथे पद्माकर नावाचे गृहस्थ आले. मोटारींच्या कारखान्यात कामाला, कानटोपी घातलेले, चेहरा उतरलेला. आठवड्यापूर्वी त्यांच्या घरी चोरी झाली होती. चोरांनी दागिने नेले ते नेले, देव्हाऱ्यातला कुलदेवीचा टाकही नेला. टाक म्हणजे देवीचं रूप ठोकलेला चांदीचा लहानसा पत्रा. तो सासूबाईंनी सुनेच्या ओटीत घालून साता समुद्रांपलीकडे पाठवला होता. तो गेल्यापासून पद्माकरांच्या पत्नी मधुमतीबाई नीट जेवत नव्हत्या की झोपत नव्हत्या.

"ही कोण?" पद्माकरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"ओरिएंटल आहे, सर," दुकानदार म्हणाला. "गॉडेस वगैरे असावी."

पद्माकरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक काचेला टेकवून मोजायला सुरुवात केली. माझे हात दोन. पाठीला सेनापतीची चार निशाणं, पंख्यासारखी पसरलेली. कमरेचे दोन शेले दोन बाजूंना उडालेले. दोन आणि चार सहा, आणि दोन आठ. "अष्टभुजा!" ते पुटपुटले, आणि त्यांचे डोळे भरून आले. अहो, ती निशाणं आहेत, असं मला सांगायचं होतं. पण आमच्या वतीनं बोलायचं काम नेहमी दुसऱ्या कुणाचं असतं, आणि तो दुसरा कुणी कॉव्हेंट्रीत नव्हता.

फोल्सहिल भागातल्या त्यांच्या घरात स्वयंपाकघराला लागून एक कपाट होतं. पूर्वी त्यात बॉयलर असायचा. आता त्यात देव होते. मधुमतीबाईंनी मला पाहिलं आणि हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं. "अहो, आई आली हो!" त्या म्हणाल्या. त्यांनी मला देवांच्या मध्ये बसवलं, अक्षता वाहून देवीला माझ्यात बोलावलं, आणि त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या. त्या जेवल्या म्हणून पद्माकर जेवले, आणि त्यांचा चार वर्षांचा अजय जेवताना माझ्याकडे टकामका बघत राहिला. मी कोण ते मला कळेना, पण माझ्यामुळे एक घर जेवलं एवढं कळलं.

काचेला कुंकू लावायचं म्हणजे पाहुण्याला खिडकीतून जेवण दाखवायचं, असं मधुमतीबाईंना वाटे. म्हणून पहिल्याच आठवड्यात माझ्यावरची काच निघाली. त्यांचं बोट रोज माझ्या कपाळाला टेकायचं. मी जाड तेलकट कागदाची आहे अशी त्यांची समजूत होती. सकाळी दिवा, उदबत्ती, हळद, कुंकू, फुलानं शिंपडलेलं पाणी. दिवा नेहमी माझ्या समोर लागायचा. माझी सगळी कला पाठीमागून उजेड आला तर, आणि इथे उजेड तोंडावर! म्हणजे मी करायचं तरी काय? मी आपली गप्प बसून राहायची, आणि नेमकं तेच देवीला शोभून दिसायचं.

मधुमतीबाई एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जात. तिथे शंभर-दीडशे पोरांसाठी मटार उकडायचा आणि बटाटे कुस्करायचे. घरी आल्या की कोट काढायच्या आधी माझ्यापुढे उभ्या राहून सगळं सांगायच्या. मुकादमीण काय बोलली, अजयला शाळेत कुणी ढकललं, गावी आईला बरं नाही. मला सुरुवातीला शब्द कळत नव्हते. हळूहळू मराठी कळायला लागली आणि माझी झोप उडाली, म्हणजे असती तर उडाली असती. कारण त्या माझ्याकडे मागत होत्या. अजयला नोकरी लागू दे. सुनेची सुखरूप सुटका होऊ दे. पद्माकरांच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या सकाळपासून माझ्यासमोरून हलल्या नाहीत. पद्माकर वाचले, आणि त्यांनी खणा-नारळानं माझी ओटी भरली. मी काय केलं होतं? मला तर नारळही उचलता आला नसता. सहा वर्षांपूर्वी पद्माकर गेले, तेव्हा मला वाटलं, आता ही बाई मला जाब विचारणार. पण त्या दिवे लावून म्हणाल्या, "तू होतीस म्हणून एवढी वर्षं तरी मिळाली." मित्रांनो, मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

मानला तर देव, नाही तर दगड, अशी तुमच्यात म्हण आहे. माझी अडचण अशी, की मी दगडसुद्धा नव्हते. दगडाला तेल मानवतं. माझ्यावर मात्र काजळी बसत गेली, हळद शिवणींत शिरली, पाण्यानं कडा वळल्या. बाकीच्या जुन्या वस्तू हेळसांड झाल्याचं रडगाणं गातात. माझी हेळसांड कधी झाली नाही. फार जपल्यामुळेच मी झिजत होते, आणि ही तक्रार करायची तरी कोणाकडे?

गेल्या नवरात्रात, तिसऱ्या माळेला, माझ्या उजव्या हाताचा दोरा तुटला आणि तो हात खाली घटाच्या मातीत, उगवलेल्या गव्हाच्या कोंबांमध्ये पडला. मधुमतीबाई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी तो हात उचलला आणि बराच वेळ तळव्यावर धरून ठेवला.

"आई, सुपरग्लू लावू का?" अजय म्हणाला. तोही आता केस पिकलेला बाप्या झाला होता.

"देवीला सुपरग्लू? जीभ कशी उचलते तुझी? खंडित झाली रे ती. खंडित मूर्ती घरात ठेवायची नसते. दसऱ्याला पाण्यात सोडायची."

"पाण्यात म्हणजे? एव्हन नदीत? आई, कौन्सिल फाइन मारेल."

"कौन्सिलला देवी बघून घेईल."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. कातडं पाण्यात भिजलं की त्याचा गोळा होतो, रंग सुटतात, आणि हजारो वेळा फिरून कोरलेल्या भुवया कायमच्या जातात. मला बुडायचं नव्हतं. पण मी देवी नाही हे कळलं तरच मी वाचणार होते, आणि ते कळलं तर ही म्हातारी मोडून पडणार होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली.

त्या शुक्रवारी अजयची मुलगी अन्वी ब्रिस्टलहून आली. ती तिथे विमानांच्या पंखांचं काम करते. सोबत तिची ऑफिसमधली मैत्रीण वेन होती, मूळची शान्शीतल्या शीआन शहरातली. तिला नवरात्र बघायचं होतं, आणि साबुदाण्याची खिचडी खायची होती. आरतीला सगळ्यांबरोबर तीही हात जोडून उभी राहिली. मग तिची नजर माझ्यावर पडली आणि टाळ्या वाजवायच्या राहून गेल्या. आरती संपल्यावर तिनं अन्वीला स्वयंपाकघरात ओढलं. कपाटाचा पडदा सरकवलेलाच होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. त्या दोघी अर्थात इंग्रजीत बोलत होत्या.

"अन्वी, तुमच्या देव्हाऱ्यात शॅडो पपेट कशासाठी ठेवलंय?"

"कुठे? ती आमची कुलदेवी आहे."

"ओके," वेन म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आर यू शुअर?"

"का? तुला यातलं काय माहीत आहे?"

"काहीच नाही. मी इंजिनीअर आहे. लहानपणी जत्रेत एकदा खेळ बघितला होता, त्यात मला झोप लागली. पण माझी मावशी या बाहुल्यांचंच काम करते."

अन्वी खुर्चीत बसली. "आजीला सांगितलं तर तिला काय वाटेल? आजोबांनी आणलेली आहे ती. आणि नाही सांगितलं तर दसऱ्याला डॅड तिला नदीत टाकणार." माझ्या मनात जे चाललं होतं तेच दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून मला जरा बरं वाटलं, पण तोड काही निघाली नाही.

शनिवारी सकाळी मधुमतीआजी अंघोळीला गेल्या असताना वेननं मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्यासमोर धरला. बेचाळीस वर्षांनी मी माझ्या मुलखातली भाषा ऐकली, आणि मला ती अर्धीच कळली! उरलेलं, वेन अन्वीला इंग्रजीत सांगत होती त्यावरून कळलं. मावशीनं चष्मा लावला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि ती हसायला लागली. खो-खो हसली. धड स्त्री-सेनापतीचं आहे, ती म्हणाली, आणि डोकं चहा आणून देणाऱ्या दासीचं! कोणा गाढवानं हे असं शिवलं? मग ती एकदम गंभीर झाली. डोकं शिवलेलं आहे म्हणजे ही पोर इतकी वर्षं झोपलीच नाही, ती म्हणाली. आणि हे कपाळावर काय फासलंय?

"कोण हसतंय माझ्या देवीपुढे?" मधुमतीआजी दारात उभ्या होत्या. केस ओले, हातात फुलांची परडी.

अन्वी चाचरली. "आजी, तू आधी बस ना." आजी बसल्या नाहीत. "आजी, ही देवी नाहीये. हे चायनाचा बाहुली आहे. नाटकातला. ते हात नाहीत, फ्लॅग्ज आहेत. आणि डोकं एका कामवाली मुलगीचं आहे, बॉडी जनरलचा."

"काय बोलतेस तू?"

"आणि ती लेदरची आहे."

"चामडं? देव्हाऱ्यात?" आजींचा आवाज चढला. "कशाचं चामडं?"

अन्वीनं वेनकडे पाहिलं, वेननं जमिनीकडे. "गाढवाचं," अन्वी घाईनं म्हणाली. मावशीनं दुसरंच जनावर सांगितलं होतं. कोणतं, ते मीही इथे सांगणार नाही.

आजी ओरडल्या नाहीत की रडल्या नाहीत. त्यांनी आधी गॅस बंद केला. मग त्या स्टुलावर टेकल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "बेचाळीस वर्षं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या ऑपरेशनला, अजयच्या नोकरीला, तुझ्या वेळी तुझी आई अडली होती तेव्हा. मग मी हाक मारली ती कोणाला?"

मला तर तेच विचारायचं होतं. आजींनी उठून कपाटाचा पडदा ओढला. त्या दिवशीची माळ परडीतच सुकली. नवरात्रातली माळ चुकली असं त्या घरात कधीच झालं नव्हतं. पडद्यामागच्या अंधारात मी बसून होते. मला राग आला तो त्या व्यापाऱ्याचा नाही आणि पद्माकरांचाही नाही. मला माझाच राग आला. मी खरोखरची देवी असते तर काय बिघडलं असतं कुणाचं?

रविवारी सकाळी पडद्यापलीकडे फोनचा आवाज आला. आजींनी क्रॉयडनच्या श्रीनिवासगुरुजींना फोन लावला होता. गुरुजी आठवडाभर ऑफिसात असतात आणि शनिवार-रविवारी पूजा सांगतात.

"काकू, मी सगळं बघितलं," गुरुजी म्हणत होते. "मूर्ती भंगली तर काय करायचं ते आहे. टाक हरवला तर काय, तेही आहे. पण चायनीज बाहुली म्हणजे... असं पोथीत कुठेच नाही हो."

"नाही ना?"

"नाही."

"मग मी ठरवते."

"काकू, एक मिनिट, म्हणजे तुम्ही नक्की..."

"ठेवते हं, दूध उतू जातंय," आजी म्हणाल्या. गॅसवर काहीही नव्हतं.

पडदा सरकला. आजी माझ्यासमोर पाट मांडून बसल्या. रोज त्या मला आई म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "हे बघ बाई. तुला कुणी काही विचारलं नाही. ह्यांनी मोजलं आणि मी हाक मारली. पण मी बोलावलं होतं ते देवीला. ती आली आणि तुझ्यात बसली, की दाराबाहेर उभी राहून ऐकत होती, ते तिचं तिला माहीत. चामड्याचं म्हणशील तर तबला काय लाकडाचा वाजतो? त्याला करतोच की आपण नमस्कार. तुझ्यावर माझा राग नाही. पण तुला पाण्यात ढकलायचा मला काही हक्क नाही. आणि देवीला मी सोडणार नाही. तेव्हा तिची दुसरी सोय करते."

त्यांनी ताम्हनात एक सुपारी ठेवली. तुमच्याकडे ज्या देवाची मूर्ती जवळ नसते, तो सुपारीत बसतो. मग त्यांनी माझ्यावर अक्षता टाकल्या. अक्षतांनीच देवाला बोलावतात आणि अक्षतांनीच त्याला निरोप देतात. शेवटी दोन्ही हातांनी माझी चौकट धरून थोडीशी उत्तरेला सरकवली. एवढंच झालं. माझ्यातून कुणी उठून गेल्यासारखं मला काही वाटलं नाही. मी नीट लक्ष देऊन होते. पण आजींनी सुपारीला कुंकू लावून हात जोडले, चुकलेली माळ आणि त्या दिवसाची माळ अशा दोन माळा वाहिल्या, तेव्हा त्या एवढ्याशा सुपारीचा मला मत्सर वाटला. खरं सांगते, सुटका झाली म्हणून आनंद व्हायला हवा होता, आणि मला रडू येत होतं.

"ह्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं, सुपारी मांडू म्हणून," आजी अन्वीला म्हणाल्या. "पण ते इतक्या हौसेनं घेऊन आले होते. आणि काय गं, डोकं कामवालीचं आणि अंग सेनापतीचं म्हणालीस ना? मग बाईच की ती. मी शाळेत मटार उकडायचे तेव्हा वेगळी कुठे होते?"

दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरली गेली. मावशी फोनमधून सांगत होती, वेन करत होती, अन्वी मराठीत सांगत होती, आणि आजी मध्येच सूचना करत होत्या. मला चौकटीतल्या काळ्या कापडावरून सोडवलं. मऊ कोरड्या फडक्यानं काजळी निघाली. तुटलेला हात दोऱ्यानं पुन्हा जोडला. मग वेननं लहान कात्रीनं माझ्या मानेचे टाके कापले आणि डोकं अलगद बाजूला ठेवलं. त्यानंतरचं तासाभराचं मला काही आठवत नाही. मित्रांनो, मी झोपले होते.

जागी झाले तेव्हा डोकं पुन्हा मानेवर बसवलेलं होतं, खाचेत, टाक्यांशिवाय. दुसरं डोकं कुठून आणायचं, हेच असू दे, असं मावशीनं सांगितलं होतं. त्या सेनापतीचं खरं डोकं आज जगाच्या कोणत्या भिंतीवर असेल, आणि या दासीचं अंग कुणाच्या पेटीत? आता मी दोघींच्या वतीनं गोंधळलेली असते. कपाळावरचं कुंकू मात्र निघालं नाही. ते कातड्यात मुरलंय. वेन पुसत होती, तेव्हा फोनमधून मावशी म्हणाली, राहू दे, जास्त घासू नकोस.

अजयनं कपडे वाळत घालायच्या घोडीवर पांढरी चादर लावली. स्वयंपाकघराच्या खिडकीचे पडदे ओढले आणि मोबाइलचा टॉर्च मागे ठेवला. मला तीन काड्या जोडल्या, एक मानेला आणि दोन हातांना. त्या बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या होत्या, हेही सांगून टाकते. आणि मग उजेड पाठीतून आत आला. चादरीवर लाल उमटला, हिरवा उमटला, निशाणांवरची कोरीव फुलं उमटली. आजी समोर खुर्चीत बसल्या होत्या. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "इतके रंग होते हिला? आणि मी समोर दिवा लावून बसायची!"

मित्रांनो, शेवटी तुमच्याकडे काही मागावं अशी आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे. माझं मागणं लहान आहे. तुमच्या घरी कुणी जुनं असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला जपा, पण जपण्याआधी एकदा विचारा, की बाई, तू पूर्वी काय करायचीस? तुला उजेड कुठून लागतो? उत्तर धड मिळेलच असं नाही. माझ्यासारखं दोन तोंडी मिळालं तरी ऐकून घ्या.

वेननं काड्या आजींच्या हातात द्यायला धरल्या. "मला नाही बाई जमायचं," त्या म्हणाल्या, पण उठल्या, चादरीच्या मागे आल्या, आणि बेचाळीस वर्षं फक्त करंगळीशेजारच्या बोटानं मला शिवणाऱ्या त्या बाईनं मला पहिल्यांदाच दोन्ही हातांत घेतलं. त्यांचा हात वयानं थरथरतो. मानेची काडी कलली आणि मी वाकले. आधी मान, मग कंबर, मग दोन्ही हात पुढे, खाली खाली, अगदी त्यांच्या पावलांपर्यंत.

"अगं, अगं, हे काय करतेस!" आजींनी झटकन पाय मागे घेतले. "तू माझ्या पाया पडतेस?"

"आजी, तूच तिला वाकवलं," अन्वी हसत म्हणाली.

"मी नाही गं. माझा नुसता हात हलला."

हात त्यांचाच हलला असेल. मला त्यातलं काही कळत नाही. पण नमस्कार माझा होता.